उतारावरचे मामू

खोली बघायला गेले तेव्हा मामूंनी मला भाडं सांगितलं नाही, नळाला पाणी कधी येतं तेही सांगितलं नाही. सदऱ्याच्या खिशातून एक काचेची गोटी काढली, खोलीच्या मधोमध फरशीवर ठेवली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून तिच्याकडं बघत राहिले. गोटी जागची हलली नाही. मामूंनी वाईट बातमी ऐकल्यासारखी मान हलवली.

“सपाट हाय,” ते म्हणाले. “तुमाला चालंल. आमाला न्हाई चालली असती.”

त्याआधी बीडमध्ये मी जी घरं पाहिली तिथं पहिला प्रश्न आडनावाचा असायचा आणि दुसरा प्रश्न यायचाच नाही. खोली अचानक कुणा भाच्यासाठी राखून ठेवलेली निघायची. मामूंनी आडनाव विचारलं नाही. गाव विचारलं. मी चकलांबा सांगितल्यावर त्यांचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

“चकलांब्याला एकच उतार हाय. शाळेच्या मागून टाकीकडं जातो तो. बाकी सगळा गाव परातीसारखा. मोसंबी भरायला यायचो तवा तिथंच गाडी लावायचो.”

मी त्या गावात वाढले, त्याच शाळेत शिकले आणि आता इथं स्पर्धा परीक्षेच्या क्लासवर पोरांना भूगोल शिकवते. नकाशावरच्या समोच्च रेषा काढून काढून माझा खडू झिजलाय. पण शाळेमागं उतार आहे हे मला कधी जाणवलं नव्हतं. पुढच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मुद्दाम जाऊन पाहिलं. होता.

मामूंचं हे उतारवेड कुठून आलं ते कळायला वेळ लागला नाही, कारण ते कारण दारातच उभं असायचं. एक जुनी पांढरी पिकअप, हौद्याला निळा रंग, मागं फळांचे क्रेट. ट्रकची नोकरी सोडल्यावर त्यांनी ती घेतली होती आणि बालाघाटाच्या डोंगरातल्या गावांमधून सीताफळं, सीताफळं संपली की दुसरं काही, बीडला आणायचे. त्या गाडीचा सेल्फ बंद होता. चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिला हिसका देते ती मोटर म्हणजे सेल्फ. तो नसला की गाडी ढकलावी तरी लागते, नाहीतर उतारावर लावावी लागते. ब्रेक सोडायचा, गाडी आपल्या वजनानं घरंगळू द्यायची, वेग आला की क्लच सोडायचा. डिझेलचं जुनं इंजिन एकदा फिरलं की दिवसभर फिरत राहतं.

लोक असा सेल्फ आठवडाभर चालवून घेतात आणि मग गुपचूप मेकॅनिककडं जातात. मामूंनी त्यावर सगळं आयुष्य बसवलं होतं.

बीड शहर त्यांना रस्त्यांनी ठाऊक नव्हतं, उतारांनी ठाऊक होतं. बिंदुसरा नदीकडं उतरणाऱ्या गल्ल्या म्हणजे त्यांच्या मते शहाण्या माणसांची वस्ती. कोर्टाच्या बाजूला सपाटी, म्हणून तिकडं काम निघालं की यांची चिडचिड. कुणाच्या लग्नाचं बोलावणं आलं की मुलगा काय करतो, मुलगी कुणाची, हे मामी विचारायची, मामू विचारायचे, “हॉल कुठं हाय?” एकदा हॉल अगदी सपाटीवर निघाला. मामूंनी लांब एका उतारावर गाडी लावली आणि तिथून चालत गेले. पोचले तोवर बिर्याणी संपली होती. नुसता जर्दा, म्हणजे गोड भात, खाऊन आले आणि वर आम्हाला सांगत बसले की गाडी लावायला जागा मात्र एक नंबर मिळाली.

मला एका रविवारी मांजरसुंब्यापर्यंत जायचं होतं, त्यांनी सोबत घेतलं. घाट चढून वर गेलो. चौकातल्या एका ढाब्यापुढं ट्रकांची रांग लागली होती, तडक्याचा वास थेट आमच्या केबिनमध्ये आला. मामू तिकडं बघितल्यासारखंही न करता पुढं गेले आणि एका ओसाड ढाब्यासमोर थांबले. तिथं एक कुत्रं आणि मालक, दोघंच होते. डाळीत डाळ शोधावी लागत होती.

“डाळ पांचट हाय,” मामू स्वतःच म्हणाले. “पण जागा बघा म्याडम. नाक खाली, शेपूट वर. सेल्फवाला माणूस कुठंबी थांबतो. आमी थांबायच्या आधी निघायचं बघून ठेवतो.”

मी डाळ पिता पिता मान डोलावली. दुसरं करणार काय?

सकाळचा कार्यक्रम तर मी रोज माझ्या खिडकीतून, दात घासत घासत बघायचे. आमच्या दारातून गल्ली नदीकडं उतरत जाते आणि खाली डाव्या हाताला वळते. गाडी ओसरीच्या पुढं, उताराला तोंड करून. पुढच्या चाकाखाली एक काळा दगड, कारण हँडब्रेकवर मामूंचा भरवसा नव्हता. मामू आत बसायचे, आरसा नीट करायचे, आणि हाक द्यायचे, “अगे, दगड!” मामी हातातलं काम टाकून यायची, बहुतेक वेळा हाताला पीठ असायचं. वाकून दगड ओढायची, बाजूला व्हायची. गाडी काही आवाज न करता निघायची. जवळजवळ वळणाशी गेली की खोकल्यासारखा ठसका यायचा, काळा धूर निघायचा आणि ती दिसेनाशी व्हायची. मामी दगड पायानं भिंतीकडं सरकवायची आणि आत जायची. थंडी असो, चिखल असो, मामीची कंबर धरलेली असो, हे चुकलं नाही.

मला नसत्या चौकश्यांची खोड आहे, कबूल. पण हे बघून कुणालाही प्रश्न पडेल. माणूस कंगाल नव्हता. गाडीचे टायर वेळेवर बदलायचा, तेल बदलायचा. मग सेल्फच कावून नाही? मी गल्लीत विचारून पाहिलं. कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, कंजूष आहे. शेजारचा शिंपी म्हणाला, चोरांची धास्ती आहे. सेल्फ नसलेली गाडी कोण पळवेल? मामी म्हणाली, “हट्ट, दुसरं काय. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी लागतं.” खुद्द मामूंना विचारलं तर दर वेळी नवं उत्तर मिळायचं. एकदा म्हणाले, सेल्फ ब्याटरी खातो. एकदा म्हणाले, इंजिनाची सवय मोडली, आता त्याला हिसका सहन होणार न्हाई. एकदा तर म्हणाले, “म्याडम, तुमच्या भूगोलात उतार कावून असतो?” मी पाणी वाहण्याबद्दल काहीतरी बोलले. “मग,” असं म्हणून ते उठून गेले. या ‘मग’चा अर्थ मला आजवर लागलेला नाही.

आणि मेकॅनिकला ते गाडीला हात लावू द्यायचे नाहीत. “गाडीच्या पोटात परक्याचा हात नको,” एवढंच. जे काही खोलायचं, जोडायचं ते ओसरीसमोर, स्वतः.

त्या ओसरीबद्दल सांगायला हवं, कारण ते मामीचं राज्य होतं. छताच्या लोखंडी अँगलला मोठा दोन पारड्यांचा तराजू टांगलेला. हातगाडीवाले सकाळी तिथून फळं तोलून न्यायचे. काट्यावर आकडा दिसणारी मशीन गल्लीत सगळ्यांकडं आली होती, पण मामीचा भरवसा याच तराजूवर. तो एका काळपट, वेणीसारख्या विणलेल्या तारेच्या चपट्या पट्टीला अडकवलेला होता. संध्याकाळी मामी तराजू काढून आत ठेवायची, सकाळी पुन्हा अडकवायची. पट्टीच्या टोकांना भोकं होती, त्यातून तराजूचा आकडा ओवायची, न बघता. मीही त्या पट्टीखालून रोज ये-जा केली. डोक्याला लागू नये म्हणून वाकायचे, इतकाच तिच्याशी संबंध.

मग मामूंच्या डोळ्यांचं सुरू झालं.

आधी ते गोटी शोधायला लागले. फरशीवर ठेवायचे, आणि ती कुठं गेली ते बघण्याऐवजी कान द्यायचे. डोळ्याच्या डॉक्टरांकडं मामीबरोबर मी गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, काय काय दिसतं? मामूंनी त्यांच्या टेबलावर गोटी ठेवली, ऐकली, आणि म्हणाले, “टेबल तुमच्याकडं उतरतंय साहेब.” डॉक्टर हसले. मग तपासून झाल्यावर हसायचे थांबले. काचबिंदू होता. गेलेलं परत येणार नव्हतं, राहिलेलं थेंब घालून जपायचं होतं, आणि गाडी चालवणं त्या दिवसापासून बंद.

आम्ही रिक्षानं घरी आलो. रिक्षा गल्लीत थांबली तेव्हा मामू रिक्षावाल्याला म्हणाले, “आडवी लावू नको, नाक खाली कर.”

त्यांची एकच मुलगी, जालन्याला दिलेली. जावई जुन्या गाड्यांच्या व्यवहारात. त्यानं फोनवर सगळं झटपट ठरवलं. गाडी विकून टाकू, गिऱ्हाईक आहे, शुक्रवारी नमाज झाली की घेऊन येतो. मामू ‘हौ’ म्हणाले. विरोध केला तो मामीनं.

“विकायची न्हाई. मी चालवते.”

मामूंना वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. मागच्या उन्हाळ्यात मामी आणि मी मिळून मोटार ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं होतं. दुपारी मामू झोपले की आम्ही दोघी ईदगाहच्या मागच्या मैदानावर. मी परीक्षेत गाडी मागं घेताना खांबाला टेकवली आणि नापास झाले. मामी पास झाली. तिनं लायसन डब्यातून काढून मामूंच्या हातात दिलं. ते त्यांनी डोळ्याशी नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

“फोटो तुझाच हाय का?” त्यांनी विचारलं.

“माझाच हाय. आन ऐका. जिंदगीभर दुसऱ्यानं आणलेलं तोलत बसले. मला डोंगराकडं जायचंय. झाडाखाली उभी राहून स्वतः भाव करायचाय. गाडी गेली तर मी त्या तराजूत काय तोलू, वारा?”

मामी इतकं सलग बोललेली मी पहिल्यांदा ऐकली. पण अडचण होतीच. मैदानावर चावीनं सुरू होणारी गाडी चालवणं वेगळं आणि आमच्या गल्लीतून बंद गाडी घरंगळत नेऊन वळणाआधी सुरू करणं वेगळं. तिनं एकदा करून पाहिलं. गाडी सुरू झाली नाही, वळली तेवढी, आणि शिंप्याच्या पाण्याच्या पिंपावर जाऊन थांबली. शिंपी भला माणूस, पिंप रिकामंच होतं म्हणाला.

तेव्हा मामूंनी अट घातली. शुक्रवारपर्यंत मामीनं सपाटीवर गाडी सुरू करून दाखवली तर चावी तिची. नाहीतर गाडी गिऱ्हाइकाची. सपाटीवर म्हणजे सेल्फ पाहिजे. मामी दुसऱ्याच दिवशी जुन्या सुट्या भागांच्या दुकानात गेली आणि पिशवीतून भाजी आणावी तसा सेल्फ घेऊन आली. मेकॅनिक बोलवायला मात्र मामूंनी साफ नकार दिला.

“मग मी बसवते,” मामी म्हणाली. “तुमी सांगा.”

गुरुवारी गल्लीतल्या चार माणसांनी पिकअप ढकलून ओसरीच्या बाजूच्या सपाट जागेत आणली. उतारावरच्या गाडीखाली माणसानं झोपायचं नसतं, एवढं मलाही कळत होतं. मामूंनी गोटी ठेवून खात्री केली, तरी चाकांच्या दोन्ही बाजूंना दगड लावलेच. मामीनं मामूंचा एक जुना सदरा अंगावर चढवला, ओढणी डोक्याला घट्ट बांधली आणि पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकली. मामू पुढच्या चाकाला टेकून बसले. माझ्याकडं टॉर्च आणि पाने.

“आधी म्याडम, ब्याटरीची मायनस काढा. ती काढल्याबिगर खाली काय करायचं न्हाई.”

ती मी काढली. या कामातला माझा वाटा एवढाच म्हणायला हरकत नाही.

“आता गिअरबॉक्सच्या गळ्यापाशी हात घाल,” मामू गाडीखाली तोंड करून बोलले. “दुधाच्या बरणीएवढा डबा लागतो का?”

“हौ.”

“त्याच्या पाठीवर अजून एक बारका डबा.”

“हाय.”

“बारक्यावर जाड वायर. तिचं नट सोड. मग बोल्ट दोन. खालचा दिसतो. वरचा दिसत न्हाई, बोटांनीच हुडकायचा.”

असं ते सगळं चाललं होतं. मामूंना दिसत नव्हतं आणि मामीला ठाऊक नव्हतं, पण दोघांचं मिळून बरं जमत होतं. खरं सांगू का, मला हेवा वाटला. वरचा बोल्ट गंजून बसला होता. मामूंनी त्यावर डिझेल टाकायला लावलं आणि म्हणाले, आता चहा. बोल्टाला घाई केली की तो मुद्दाम तुटतो. आम्ही चहा प्यालो. मामीच्या कपाळावर काळं लागलं होतं आणि ती मजेत होती. परत खाली गेली तेव्हा बोल्ट सुटला.

“आता धर. वजनदार हाय. पोटावर घे, छातीवर न्हाई.”

मामीनं जुना सेल्फ झोपलेल्या लेकराला उतरवतात तसा अंगावर उतरवून घेतला आणि बाहेर सरकवला. नवा गेला. तोच क्रम उलटा. शेवटी मी मायनस जोडली. मामी हात न धुताच ड्रायव्हरच्या जागेवर चढली, तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणाली आणि चावी फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, सेल्फ नुसता टक् म्हणून गप्प बसत होता.

“दुकानदारानं मेलेलाच गळ्यात मारला,” मामू म्हणाले. फार पटकन म्हणाले. त्या आवाजात मला दुःख ऐकू आलं नाही, आणि तिथंच मला पहिल्यांदा शंका आली. पण शंका कशाची, ते कळेना.

मामी उतरली. पुन्हा पोत्यावर आडवी झाली आणि खाली गेली. बराच वेळ नुसत्या बांगड्यांचा आवाज येत होता.

“बेटा, इकडं टॉर्च दाव. हे काय हाय?”

मी गुडघ्यांवर बसून आत बघितलं. इंजिनाच्या अंगाला एक बोल्ट होता, वायसर लावून नीट कसलेला, आणि त्यानं काहीच धरलं नव्हतं. समोर गाडीच्या सांगाड्याला तसाच दुसरा. तोही रिकामा. मध्ये काही नाही. मामीनं अंगठा एकावर ठेवला, करंगळी दुसऱ्यावर. एक वीत भरली. ती वीत तशीच धरून ती पडून राहिली. मग सरपटत बाहेर आली, तीच वीत हवेत धरून ओसरीकडं गेली आणि तराजू ज्या पट्टीला टांगला होता तिला लावली.

टोकाच्या भोकापासून टोकाच्या भोकापर्यंत पट्टी तेवढीच होती.

नंतर मी विचारून घेतलं तेव्हा मला उमगलं. ब्याटरीची वीज वायरनं सेल्फमध्ये जाते आणि इंजिनातून सांगाड्यात परत येते. त्या परतीच्या वाटेवर ही पट्टी असते. ती नसेल तर सेल्फ जुना असो, नवा असो, नुसता टक् म्हणणार. म्हणजे इतकी वर्षं सेल्फला काही झालंच नव्हतं.

“राहू दे ते,” मामू चाकापासून म्हणाले. त्यांना दिसलं नव्हतं. पारडी हलल्याचा आवाज आला असेल.

मामी थांबली. आमच्यासमोर ती दोघं मराठी बोलायची, त्या वेळी ती विसरली. “तुमकू मालूम था?”

मामूंनी खिशातली गोटी काढली आणि मुठीत धरली.

मामीनं तराजू काढला. हळू ठेवला नाही, पारडी फरशीवर आदळली. पट्टी घेऊन ती गाडीखाली गेली. या वेळी तिला कुणी काही सांगितलं नाही. वर आली, बसली, चावी फिरवली, आणि इंजिन पहिल्याच हिसक्याला सुरू झालं. ओसरीतल्या कोंबड्या उडाल्या. मामीनं ते थोडा वेळ चालू दिलं, मग बंद केलं, चावी कमरेला खोचली आणि मामूंकडं न बघता आत निघून गेली.

इतक्या हौसेनं मागितलेली चावी मिळाली आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं.

मला तिथून जायला हवं होतं. पण मी म्हटलं ना, मला खोड आहे. मी मामूंच्या शेजारी पोत्यावर बसले आणि विचारलं, “कावून, मामू?”

ते बराच वेळ गोटी फिरवत बसले.

“ट्रकवर होतो तवा मी निघायचो आन ही झोपेत असायची. परत यायचो तवाबी झोपेत. पोरगी मोठी झाली, लग्न करून गेली, हे असंच. मग ट्रक सोडला, ही गाडी घेतली. पहिल्या सकाळी चावी फिरवली, निघालो. ही चुलीपाशी. म्या गेलो हे हिला कळलंबी न्हाई. मग एक दिवस तराजूची साखळी तुटली, माणसं खोळंबली होती, हातात दुसरं काय न्हाई. पट्टी काढली, लावली. म्हटलं सांजंला परत बसवू. दुसऱ्या सकाळी गाडी उतारावर, दगड काढायला हिला हाक मारली. आली. दगड काढला.” ते थांबले. “आन उभी राहिली, म्याडम. आरशात दिसत होती. वळणापस्तोर.”



“मग पट्टी काढायचं मन झालं न्हाई. आता तर आरशात बी दिसत न्हाई. नुसता दगड सरकल्याचा आवाज येतो.”

मी आत गेले. मामी भाकरी थापत होती, नेहमीपेक्षा जोरात. मला मध्यस्थी करता येत नाही. मी आपलं जसं ऐकलं तसं सांगून टाकलं. ती थापतच राहिली. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

“मग तोंडानं बोलायचं होतं की,” ती म्हणाली. “उभी राहा म्हणायचं. राहिले असते. थंडीत माझी कंबर गेली तो दगड ओढून.” भाकरी उलटली. “आन मी उभी कावून राहायचे, ते इचारलं का त्यांनी कधी?”

“कावून?” मी विचारलं. दुसरं कोण विचारणार होतं?

“वळणाला धूर दिसतो का न्हाई ते बघायला. गाडी चालू झाली न्हाई तर म्हातारा एकटा काय करंल तिथं? धूर दिसला की मग मी भाकरी टाकायचे.”

त्या दिवशी दोघं जेवली, पण एकमेकांशी बोलली नाहीत. जेवताना मामूंच्या ताटात भाजी कुठं आहे, भाकरी कुठं आहे, हे मामीनं त्यांचं बोट धरून दाखवलं, तेही न बोलता.

शुक्रवारी जावई गिऱ्हाईक घेऊन आला. गिऱ्हाईक चांगला गबरू माणूस होता, टायरवर लाथ मारून बघत होता. मामी धुतलेला बुरखा घालून बाहेर आली, गाडीत चढली, सपाटीवर चावी फिरवली. गाडी सुरू. ती हळूहळू मागं घेतली, मला जमली नव्हती तशी, आणि गल्लीतून खाली घेऊन गेली. जावयाचं तोंड उघडं राहिलं. मामू ओसरीच्या खांबाला धरून ऐकत होते. गाडी नदीकडून चक्कर मारून वरच्या बाजूनं गल्लीत आली. मामीनं खिडकीतून गिऱ्हाइकाला सांगितलं, “गाडी विकायची न्हाई, भाऊ. चहा घेऊन जा.”

मग तिनं गाडी लावली. सपाट जागा मोकळी होती, तिथं नाही लावली. जुन्या जागेवर, उताराला तोंड करून, नाक खाली आणि शेपूट वर. इंजिन बंद केलं.

“अजी,” तिनं हाक मारली, “दगड.”

मामू आधी हललेच नाहीत. मग भिंतीला हात लावत लावत गेले, पायानं दगड चाचपला, उचलून चाकाखाली सरकवला आणि तळव्यानं दाबून बघितला. उठताना त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. थेंब घातले होते, असं ते जावयाला म्हणाले.

त्यानंतर मी दोनेक वर्षं त्या खोलीत होते. तराजू मामूंच्या ट्रकच्या दिवसांतल्या चामडी पट्ट्याला टांगला गेला आणि त्याच्यापाशी मामू बसायला लागले. मधल्या काट्यावर बोट ठेवून तोलायचे. हातगाडीवाले म्हणायचे, आधीपेक्षा झुकतं माप मिळतं. जुना सेल्फ मामीनं पुसून शोकेसमध्ये चहाच्या कपांशेजारी ठेवला होता, पाहुण्यांना दाखवायला. पाहुण्यांपुढं ती त्या पट्टीची गोष्ट सांगायची आणि मामू, जणू दुसऱ्या कुणाची आहे अशा चेहऱ्यानं ऐकायचे.

एकदा मी मामीला विचारलंच, सेल्फ चांगला चालतोय, मग गाडी उतारावर कशाला?

“दगड ह्यांच्याकडं हाय ना,” ती म्हणाली. “सपाटीवर लावली तर ह्यांनी सकाळी काय करायचं?”

सकाळी मी दात घासत खिडकीत उभी असायचे. मामी गाडीत बसायची, सीट पुढं घ्यायची, आरसा नीट करायची. मामू वाकून दगड ओढायचे, बाजूला व्हायचे आणि बॉनेटवर थाप मारायचे. त्यानंतरच मामी चावी फिरवायची. गाडी निघाली की मामू तिच्या आवाजाकडं तोंड करून उभे राहायचे. त्यांना काही दिसत नव्हतं. पण गाडी सावकाश जायची, वळणाला कुणी आडवं नसलं तरी सावकाश, कारण चालवणारी आरशात बघत होती.